निवृत्तीचं पातेलं

सव्वीस वर्षं मी पातेल्यांना नावं ठेवून पोट भरलं. ऐकायला हे चैनीचं वाटतं, पण रोज साडेतीनशे पातेली सारख्याच संशयाने बघायची म्हणजे काही खायचं काम नाही. नवऱ्यावरसुद्धा मी इतका नेमाने संशय घेतलेला नाही.

आमच्या गावात एक कालवा, दोन बेकऱ्या आणि एक फौंड्री आहे. फौंड्रीत बिडाची जाड, झाकणाची पातेली ओततात, त्यांच्यावर आतून-बाहेरून इनॅमल चढवून भट्टीत भाजतात, आणि ती लाल, निळी, पिवळी होऊन बाहेर आली की तपासणीच्या टेबलावर येतात. तिथे मी. दिव्याखाली पातेलं फिरवायचं, आतून बोट फिरवायचं. बुडबुडा, ओघळ, टवका, टाचणीच्या टोकाएवढं भोक. नापास झालं तर ते हातोड्याखाली जाऊन पुन्हा वितळायचं. पास झालं तर खोक्यात एक छापील चिठ्ठी पडायची: 'तपासनीस १४'. चौदा म्हणजे मी. देशात कुठेही एखाद्या बाईने नवं खोकं उघडलं की पातेल्याच्या आधी तिला मी भेटायची. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी कुणाला कळू दिला नाही, असं निदान मला वाटायचं.

घरी मात्र मी अल्युमिनियमच्या एका कानतुटक्या भांड्यात स्वयंपाक करायची. लोकांना याचं नवल वाटे. पण विचार करा, पोस्टमन सुट्टीच्या दिवशी पत्रं लिहीत बसतो का? फौंड्रीचं पातेलं टेबलावर आलं असतं तर मी रस्सा सोडून त्याच्या काठाकडेच बघत बसले असते.

जानेवारीत माझ्या हाताखाली नादेज आली. वय त्रेचाळीस. पडद्याच्या कापडाच्या गिरणीत ती होती, ती गिरणी बंद पडली. मग दुसऱ्या गिरणीत गेली, तीही बंद पडली. भल्या मोठ्या पडद्यातला एक तुटका धागा ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दाखवायची. मी दोन महिने तिला शिकवलं आणि फेब्रुवारीअखेर निवृत्त झाले. तिची नेमणूक कच्ची होती, जूनच्या शेवटी कायम व्हायची होती. निघताना आमच्या विभागाचे फोरमन मस्यू दलाक्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोळा आहे बाईंना. पण तोंड नाही. वरचा माणूस समोर आला की मान डोलावतात. तपासनिसाला नाही म्हणता यायला हवं. आणि सहा महिन्यांत त्यांनी पास केलेली तीन पातेली गिऱ्हाइकांकडून परत आली, तर मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

"एकही यायची नाही," मी म्हणाले. "मी शिकवलंय."

हे वाक्य लक्षात ठेवून मला कुणी नंतर टोमणे मारले नाहीत, ही गावाची सभ्यता.

तर निवृत्त होणाऱ्याला फौंड्री एक मोठं पातेलं देते. अठ्ठावीस सेंटिमीटरचं, गोल, हवा तो रंग. आमच्याकडे जन्मलेल्या बाळाच्या नावापेक्षा या रंगाची चर्चा बेकरीत जास्त होते. कारण नाव आई-बापांनी ठेवलेलं असतं, रंग माणूस स्वतः निवडतो, आणि त्यावरून त्याची परीक्षा होते. भट्टीवरच्या एका माणसाने जांभळा निवडला होता. त्याला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्याची ओळख तीच आहे.

आमच्या भिंतीला लागून मादाम ब्रिके राहतात. त्या लगोलग आल्या. "नारिंगी घे गं जिस्लेन. माझं लग्नातलं आहे, पन्नास वर्षं झाली. पिवळ्यावर डाग दिसतात, निळ्यात मांस आजारी दिसतं."

"पांढरं," कुंपणापलीकडून ऑक्ताव म्हणाले. ते अडतीस वर्षं भट्टीवर होते आणि विचारल्याशिवाय मत देणं हा त्यांचा उरलेला व्यवसाय आहे. "पांढऱ्यात भट्टीला खोटं बोलता येत नाही. आणि लाल तर घेऊच नकोस. लाल कधी नीट भाजला जात नाही. मी भाजलाय ना, मला माहीत आहे."

"म्हणजे तुम्हीच नीट भाजत नव्हतात," मादाम ब्रिके म्हणाल्या.

माझा नवरा जेर्वे म्हणाला, "रंग कुठलाही आण, उचलायला मला सांगू नकोस." पातेलं झाकणासकट सहा किलोच्या वर भरतं आणि जेर्वेची कंबर त्याच्यापेक्षा जुनी आहे.

मी शेवाळी हिरवा निवडला. डबक्याच्या पाण्यावर संध्याकाळी येतो तो. अर्ज घेऊन फौंड्रीच्या कार्यालयात गेले. तिथे सिल्वियान बसते. एरवी ती मला 'अगं' म्हणते, पण काउंटरमागे बसली की मी मादाम वासर होते.

"मादाम वासर, राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. तीन महिन्यांच्या आतला."

"सिल्वियान, तू गेल्या रविवारी माझ्याकडे जेवलीस."

"जेवलेलं धरत नाहीत. विजेचं बिल चालेल."

विजेचं बिल जेर्वेच्या नावावर. तेव्हा जेर्वेने मला आपल्या घरी ठेवल्याचं लेखी हवं होतं. तो आनंदाने लिहायला बसला. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण इतक्या सुवाच्य अक्षरात त्याने मला प्रेमपत्रही लिहिलं नव्हतं: 'खाली सही करणारा मी जेर्वे वासर प्रतिज्ञेवर लिहून देतो की जिस्लेन वासर हिला मी माझ्या घरी विनामोबदला राहू देत आहे.' पुढचे आठ दिवस घरात "विनामोबदला राहणाऱ्यांनी पाय पुसून आत यावं" वगैरे चालू होतं. मी ते सहन केलं. पण त्याच्या कॉफीत त्या आठवड्यात साखर पडली नाही.

अर्ज घेऊन गेले तर सिल्वियान म्हणाली, "शेवाळी जानेवारीत बंद झाला."

"मग यादीत कसा?"

"यादी डिसेंबरची आहे."

म्हणून निळं.

एप्रिलमध्ये निळं पातेलं आलं. खोकं उघडलं, वर चिठ्ठी: 'तपासनीस १४'. स्वतःचंच पत्र स्वतःला आल्यासारखं झालं. मी टेबल खिडकीशी ओढलं, दिवा लावला, जेर्वेचं टपाल तिकिटांचं भिंग घेतलं. चाळीस मिनिटं लागली. डाव्या कानाखाली, आतल्या अंगाला, भोक. टाचणीच्या टोकाच्याही निम्म्याएवढं.

"तिथे रस्सा ठेवणार आहेस का तू?" जेर्वेने विचारलं. "कानाखाली?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

मी तीन प्रतींत तक्रारीची चिठ्ठी भरली. 'दोष: सूक्ष्म छिद्र. जागा: डावा कान, खालची बाजू.' कामावर लिहायचे तशीच, सरळ, एकाही खाडाखोडीशिवाय. पातेलं परत गेलं.

मे महिन्यात पिवळं आलं, कारण निळे संपले होते. पुन्हा 'तपासनीस १४'. या वेळी पंधरा मिनिटांत सापडलं: झाकणाच्या आतल्या काठाला इनॅमलचा केसाएवढा ओघळ. परत.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. दोन महिने ज्या बाईला मी हाताला धरून शिकवलं, ती माझ्या जागेवर बसते, तर माझा नंबरही तिच्याकडे गेला असणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण सव्वीस वर्षं एक आकडा अंगावर वागवला की तो कोटासारखा काढून ठेवता येत नाही. मी प्रामाणिकपणे समजत होते की मी माझ्याच कामात चुका काढतेय, आणि ते फार थोर मनाचं लक्षण आहे.

जूनमध्ये लाल आलं. ऑक्ताव कुंपणावरून वाकून बघत म्हणाले, "मी काही बोलत नाही." आणि मग पाऊण तास बोलले. मी मात्र शपथ घेतली होती की तपासायचं नाही. डोळे अर्धे मिटून मी ते शेगडीवर ठेवलं आणि रविवारी दोघा शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. सुके आलुबुखार घालून बिअरमध्ये शिजवलेला ससा. माझ्या आईचा पदार्थ, अल्युमिनियमच्या भांड्यात माझ्याकडून नेहमी बरा व्हायचा.

आता एक कबुली. या पातेल्याला किती अंशांवर भाजतात, इनॅमलचे किती थर असतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. त्यात शिजवतात कसं, हे मला माहीत नव्हतं. मी अल्युमिनियमला लावते तशी मोठी आच लावली. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मी आणखी वाढवली. मग सगळं एकदम झालं. लोणी काळं, कांदे त्याहून काळे, ससा तळाला असा चिकटला की जणू त्याचं तिथे बीळ होतं.

"भट्टी पेटवलीस काय गं?" ऑक्ताव दारातून आत येत म्हणाले.

मादाम ब्रिकेंनी आधी गॅस बंद केला, मग खिडकी उघडली, मग बोलायला सुरुवात केली. "अगं, याला घाई चालत नाही! मंद आचेवर आधी नुसतं तापू द्यायचं. एकदा तापलं की ते उष्णता सोडत नाही, तासन्‌तास धरून ठेवतं. लाकडी चमचा. तू स्टीलचा घेतलास? स्टीलचा! आणि जळलं तर कोमट पाणी आणि खायचा सोडा घालून रात्रभर ठेवायचं. फौंड्रीत तुम्हांला हे सांगत नाहीत?"

"फौंड्रीत आम्ही खात नाही," मी म्हणाले.

"तरी सव्वीस वर्षं म्हणजे..." एवढंच म्हणून त्या थांबल्या. त्या थांबल्या तेच मला लागलं. बोलल्या असत्या तर मी भांडले असते. डोळ्यांत धूर गेला होता, निदान मी तसं सांगितलं, आणि त्या तिरमिरीत पातेलं उचलून नळाखाली धरलं. गार पाणी, पूर्ण सोडून.

टिक्.

फार बारीक आवाज असतो तो. मला ओळखायला क्षण लागला नाही. तळावर एका बिंदूपासून चारी बाजूंना तडे गेले होते, बर्फावर दगड पडावा तसे. असे तडे फक्त एकाच कारणाने जातात आणि ते कारण माझ्या हातातून वाहत होतं.

तिघेही माझ्याकडे बघत होते. आणि मी, तपासनीस चौदा, म्हणाले, "बघा! हल्ली भाजणी कशी करतात बघा!"

जेर्वेने पुढे होऊन नळ बंद केला. मादाम ब्रिके टेबल मांडायला लागल्या. ऑक्तावनी तड्यांकडे पाहिलं, मग नळाकडे पाहिलं, आणि पाव कापायला घेतला. आम्ही पाव, चीज आणि उरलेली बिअर यांवर जेवलो. ऑक्तावनी पहिल्यांदाच कशावरही मत दिलं नाही.

सोमवारी मी चिठ्ठी भरली. 'दोष: तळाला तारकाकृती तडे. कारण: भाजणीतील त्रुटी.' या वेळी अक्षर इतकं चांगलं आलं नाही.

बुधवारी बेकरीत सिल्वियान माझ्या पुढे रांगेत होती. काउंटरमागे नव्हती, त्यामुळे मी पुन्हा 'अगं' होते.

"अगं, नादेजचं ऐकलंस का? शुक्रवारी बोलावलंय तिला दलाक्रनी. जाणार बहुतेक."

"का?"

"तीन परत आली ना. तिसरं सोमवारी."

"कोणाची तीन?"

"चौदा नंबरची."

"चौदा नंबर मी."

सिल्वियानने माझ्याकडे मान वळवून पाहिलं, जरा हळू, आजारी माणसाकडे पाहतात तसं. "तू फेब्रुवारीपर्यंत, जिस्लेन," ती म्हणाली. "आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर सही तुझीच आहे. मला वाटलं, तुला काहीतरी सुचवायचंय. सगळ्यांनाच तसं वाटलं."

मी पाव न घेता घरी आले. जेर्वे म्हणाला, "पाव?" मग माझा चेहरा बघून स्वतः गेला.

त्यानंतरचे दोन दिवस मी स्वतःशी बरीच वकिली केली. भोक होतंच. ओघळही होता. तडे? तड्यांचं कोण सांगू शकणार? तीन साक्षीदार होते, पण एक नवरा, एक शेजारीण आणि एक ऑक्ताव. तिघेही बोलणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि नेमकं त्यामुळेच झोप लागेना.

शुक्रवारी सकाळी दहाला मी तपासणी विभागात गेले. टेबलावर माझ्या तीन चिठ्ठ्या आणि लाल पातेलं. एका बाजूला मस्यू दलाक्र, दुसऱ्या बाजूला सिल्वियान नोंदी घ्यायला, मध्ये नादेज, हात ॲप्रनला पुसत. हात कोरडेच होते.

"मादाम नादेज," दलाक्र म्हणाले, "हे पातेलं असं तुमच्या टेबलावरून गेलं?"

नादेजने तळाकडे पाहिलं. तिला पाण्याचे तडे ओळखता येत होते. ते मीच तिला शिकवले होते, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका परत आलेल्या हिरव्या पातेल्यावर. तिने मग माझ्या चिठ्ठीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मादाम वासर यांनी भाजणी लिहिलंय. म्हणजे तसंच असेल."

मला वाटतं, त्या क्षणी मी आणखी एक मिनिट गप्प बसू शकले असते. पुष्कळ लोक बसतात आणि चांगले म्हातारे होतात.

"तसं नाही," मी म्हणाले. "मी गरम पातेल्यात पाणी सोडलं."

दलाक्रनी चष्मा काढला. "गार?"

"गार."

"नळाचं?"

"नळाचं. पूर्ण सोडून."

सरकत्या पट्ट्यावर काम करणाऱ्या चार बाया एकदम वळल्या. त्यांतल्या दोघींना त्या कामाला लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी मी हेच एक वाक्य शिकवलेलं होतं: गरमावर गार नाही. पट्टा थांबला नव्हता, म्हणून एक झाकण कुणीच न बघता पुढे निघून गेलं.

दलाक्रनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आणि निळं? पिवळं?"

"निळ्यात छिद्र आहे."

"दाखवा." त्यांनी कपाटातून दोन्ही पातेली काढली, सिल्वियानच्या एका सहीसाठी ती अजून हातोड्याखाली जायची राहिली होती. मी निळं हातात घेतलं. "तसं नाही," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या फलकाकडे बोट केलं. तो फलक अकरा वर्षांपूर्वी मीच लिहिला होता: पातेलं हात लांब करून, दिव्याखाली, तीन मोजेपर्यंत बघावं, जे दिसत नाही ते दोष नाही.

मी हात लांब केला. एक. दोन. तीन. निळं पातेलं निर्दोष होतं. पिवळंही.

"घरी किती अंतरावरून पाहिलंत?"

"नाकाजवळून," मी म्हणाले. "भिंगातून."

कुणीतरी पट्ट्यामागे हसलं आणि लगेच खोकलं. मी नादेजकडे वळले. "तुला ते छिद्र दिसलं होतं?"

"हो," ती म्हणाली. "ओघळ पण. पण नियमात बसत होते. तुमच्या."

"मग मी परत पाठवलं तेव्हा बोलली का नाहीस?"

ती पुन्हा ॲप्रनला हात पुसायला लागली. दलाक्रनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हेच ते तोंडाचं प्रकरण, मी सांगत नव्हतो का.

निळं पातेलं ते मला देऊ शकले असते, पण सिल्वियानने नियम वाचून दाखवला: परत केलेली भेट त्याच व्यक्तीला पुन्हा देता येत नाही. मी मागितलंही नव्हतं. माझा ससा अल्युमिनियममध्ये बरा होतो.

"एकच मार्ग आहे," दलाक्र म्हणाले. "मादाम वासर, तुम्ही नवी चिठ्ठी भरा. खरी. तपासनीस चौदाने ती स्वीकारली की या तिन्ही रद्द, आणि सोमवारी मादाम नादेज यांचा कायमचा कागद निघतो. नाही स्वीकारली, तर मग आहेत त्याच तीन चिठ्ठ्या."

सिल्वियानने कोरा फॉर्म दिला. मी सावकाश लिहिलं. 'दोष: पातेल्यात नाही. कारण: तापलेल्या तळावर गार पाणी, माहीत असूनही. आधीच्या दोन तक्रारी नियमाबाहेरच्या.' खाली सही. माझं सगळ्यांत चांगलं अक्षर. ते वाचताना मला लाज वाटत होती, आणि खोटं सांगत नाही, थोडा अभिमानही वाटत होता की इतक्या अडचणीतही ओळ सरळ आली.

मी चिठ्ठी नादेजपुढे ठेवली. तिने शिक्का उचलला. दलाक्र, सिल्वियान, पट्ट्यावरच्या चौघी, मी, सगळे त्या शिक्क्याकडे बघत होतो. खाली टेकायच्या आधी ती थांबली. चिठ्ठी उचलून दिव्याखाली धरली, वरपासून खालपर्यंत वाचली, आणि शिक्का परत जागेवर ठेवला.

"घेता येणार नाही, मादाम," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेला. "तारीख राहिलीय."

मी पाहिलं. राहिली होती.

दलाक्रनी खिशातलं स्वतःचं पेन काढून माझ्याकडे सरकवलं, आणि मी मुकाट्याने तारीख घातली.